माझी लेस्टरची आत्या आणि तिची स्वीडिश पोरं

जगातला प्रत्येक माणूस कुठल्याही क्षणी उपाशी असतो, यावर माझ्या लेस्टरच्या आत्याची जेवढी श्रद्धा आहे तेवढी देवावरही नसेल. हॉस्पिटलात जन्मभर नर्सची नोकरी करून ती रिटायर झाली, पण सवयी तिथल्याच राहिल्या. पोस्टमनला ती लाडू देते, बॉयलर दुरुस्त करायला आलेल्याला आधी हात धुवायला लावते, आणि कुणी 'नको' म्हणालं तर त्याच्या कपाळाला हात लावून बघते.

त्यामुळे एका दुपारी तिच्या दारासमोर व्हॅन बंद पडून दोन फिकट स्वीडिश जीव खाली उतरले, तेव्हा पुढचं सगळं ठरल्यासारखंच होतं. उंच मुलगा यंत्रांवर संगीत वाजवायचा, बारीक मुलगी गायची. दोघं इंग्लंडातल्या पबांमधून कार्यक्रम करत हिंडत होते. मेकॅनिक येईपर्यंत त्यांनी सात थालीपीठं संपवली. आत्यानं लगेच विचारलं, "लग्न कधी करताय?"

"आम्ही शाळेपासूनचे मित्र आहोत," मुलगी हसत म्हणाली. "फक्त गाणी एकत्र करतो."

"मग तर जास्तच जपा. लग्नात निदान नातेवाईक तरी मध्ये पडतात!"

त्या दिवसापासून त्यांची कारकीर्द आत्यानं अंगावर घेतली. बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय किराणा दुकानांत तिनं त्यांची पोस्टरं लावली, तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना साड्या नेसवून पबमध्ये नेलं. स्वतःचं मत मात्र तोंडावर सांगायची, "ताल छान आहे रे, पण गाणं कधी सुरू होणार?" दर दौऱ्यात दोघांचा मुक्काम तिच्याकडेच. एकदा मुलानं तिच्या कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्ड करून नेल्या आणि दुसऱ्या अल्बममधल्या एका गाण्यात घातल्या. नेमकं तेच गाणं रेडिओवर गाजलं, आणि पबांच्या जागी मोठमोठे हॉल आले. लंडनच्या कार्यक्रमासाठी आत्या माझ्याकडे स्लाऊला आली आणि तिथून आम्ही दोघी गेलो. हॉलभर तरुण पोरं बेभान नाचत होती. तिसरी शिट्टी झाली आणि आत्या ओरडली, "अरे बंद करा, भात लागेल!" आजूबाजूच्यांना वाटलं, हेही गाण्यातलंच. पुढच्या शिट्टीला निम्मा हॉल 'भाट लागेल' म्हणून ओरडला, आणि स्टेजवरची मुलगी गाणं विसरून हसत सुटली.

तिसरा अल्बम मात्र निघता निघेना. मुलाला सगळं आणखी मोठं हवं होतं, मुलीला पुन्हा छोटं. शेवटी आपण वेगळे होतोय, हे दोघांनी आत्याला फोन करून सांगितलं. तेही वेगवेगळे फोन करून. तिनं कुणाचीच बाजू घेतली नाही. दोघांनाही एवढंच म्हणाली, "एकेकटे आलात तरी या. मी दोनदा स्वयंपाक करीन." मंडळातली एक बाई सहज बोलून गेली, "बँडच तो, फुटायचाच." आत्या तिच्याशी महिनाभर बोलली नाही.

परवा मुलीनं एकटीनं केलेली नवी गाणी पाठवली. मी लेस्टरलाच होते. किचनच्या टेबलाशी बसून आम्ही ती सगळी ऐकली.

"कशी वाटली, आत्या?"

"सुरेख गायलीय पोरगी." तिनं उठून कुकर गॅसवर चढवला. मग हळूच म्हणाली, "फक्त तो नाहीये, ते ऐकू येतं गं."