गोलघुमटातला सौदा

"तू बस हितं चपलांपाशी," भाऊ म्हणाला. "तुला वर चढून काय करायचंय?"

विजापूरचा गोलघुमट. आत अनवाणी जायचं असतं आणि चपला सांभाळणारा माणूस सकाळचा अजून आलेला नव्हता. संघटनेची गाडीभर माणसं होतो आम्ही. कोणाला बसवावं, याचा भाऊला विचारसुद्धा करावा लागला नाही. सरळ माझ्याकडं आला.

वहिनी, म्हणजे भाऊची बायको. भाऊ माझा सख्खा नाही, सगळेच त्याला भाऊ म्हणतात. तिनं नवे सँडल माझ्या पुढ्यात काढले. "लक्ष ठेव गं. कुत्री लई हायेत हितं." दोघं-तिघं हसले. कुजकं हसले असते तर बरं झालं असतं. ते सहज हसले.

मी बसले. पाय आपोआप दुमडले. आमच्या घराला ही सवय आहे. गावात बड्या घरचं लग्न असलं की मांडवाबाहेर चपलांपाशी माझा चुलता बसायचा. सगळ्यांची जेवणं उरकली की त्याला हाक यायची. त्याच्या आधी त्याचा बाप बसायचा. मी शिकले, संघटनेत आले, आणि वाटलं ती जागा मागं पडली.

भाऊ आमच्या संघटनेचा पुढारी. आमच्या रिह्याच्या खोऱ्यातली भातखाचरं त्याच्या भावकीची. पण आमच्या वस्तीत येऊन मांडी घालून जेवणारा त्यांच्यातला पहिला माणूस तोच. आईच्या हातची भाकरी त्यानं खाल्ली तेव्हा आई चुलीकडं तोंड करून रडली होती. मला लिहायला त्यानं लावलं. पत्रकाचं पहिलं वाक्य कसं हाणायचं, ते त्याच्याकडून शिकले. पत्रक मी लिहायची. खाली नाव त्याचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नाव त्याचं म्हणजे आपलंच, असं धरून चालले होते.

आणि लढा होता मसणवट्याचा. ओढ्याकाठी आमच्या वस्तीचा मसणवटा आहे. गावाचा वेगळा, पत्र्याच्या शेडखाली. आमचा उघड्यावर. माझा बाप तिथं पुरलाय. डोक्याशी चुना लावलेला दगड आहे. तिथं जायची वाट भाऊच्या रानातून जाते. आजूबाजूला फार्महाऊस उठले आणि एक दिवस त्या वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक उभं राहिलं. कुलपासकट. कोणी पुण्याच्या मालकानं लावलंय म्हणे. भाऊ म्हणाला, काढायला लावू, तू लिही. मी लिहिलं. मेलेल्या माणसाची वाट अडवणारे तुम्ही कोण? हे वाक्य माझं. सोलापूरच्या शिबिरात भाऊनं ते व्यासपीठावरून म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. दुसऱ्याच दिवशी, एवढ्या लांब आलोय तर विजापूर बघून जाऊ म्हणून आम्ही इथं आलो होतो.

समोर चपला. बूट, सँडल, भाऊच्या कोल्हापुरी. कानात कालच्या टाळ्या. असं किती वेळ बसायचं? संघटनेत येऊनही आमचं ठिकाण हेच असेल तर मी लिहिलं काय इतके दिवस?

उठले. माझ्या चपला त्यांच्या चपलांत काढल्या आणि आत गेले.

आत चौथऱ्यावर थडगी आहेत. बादशहाचं, त्याच्या घरच्यांचं. वर एवढं मोठं आभाळ बांधून ठेवलंय. मला राग आला नाही. हेवा वाटला. इथं मेलेल्याला कोणी ऊठ म्हणत नाही.

कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अंधारा, उभा जिना चढून वर घुमटाच्या पोटात आले. आतून गोल फिरणारा सज्जा. आमची माणसं हाका मारून, टाळ्या वाजवून बाहेर गच्चीवर फोटो काढायला गेली होती. सज्ज्यात दोघंच उरलेले, पार समोरच्या बाजूला. भाऊ आणि त्याचा मित्र शेठ. शेठ जमिनी विकून देतो. गाडीही त्याचीच होती. दोघं भिंतीला टेकून, डोकी जवळ घेऊन बसलेले. मी दम खायला अलीकडं भिंतीशी बसले.

भिंतीशी हळू बोललेलं पलीकडं ऐकू येतं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. भाऊनंही वाचलं असेल. पण ऐकायला कोण होतं? मी खाली चपलांपाशी आहे, हे त्यानं धरलेलंच होतं.

शेठचा आवाज माझ्या कानापाशी आला. रान मसणवट्यासकट द्यायचं ठरलंय, गिऱ्हाईक थांबायला तयार नाही, असं काहीसं. मग भाऊ.

"फाटक मी उगं लावलं का? जरा सवय होऊ दे. वर माळाला दुसरी जागा दाखवू. मी म्हनल्यावर वस्तीतलं कुणी बोलत न्हाई."

"आन ती पोरगी?"

"ती काय करतीया? ती लिवती. काय लिवायचं ते मीच सांगतो."

खाली थडगी दिसत होती, त्यांच्याकडं बघत राहिले. मग भिंतीकडं तोंड केलं. ओरडले नाही.

"भाऊ, माझ्या बापालाबी इकलंत का तुमी?"

पलीकडं दोन डोकी उचलली. भाऊनं आधी दाराकडं बघितलं, मग वर घुमटात. मग मी दिसले. उठून सज्ज्याला वळसा घालून तो माझ्यापर्यंत आला. पहिला प्रश्न काय विचारला असेल त्यानं?

"चपला कुणाकडं सोडल्यास?"

मग तो समजूत घालायला लागला. जागा बुडवत नाही, बदलून देतोय. मोठ्या कामात मागंपुढं व्हावं लागतं. तू शहाणी आहेस. आणि बोलता बोलता निसटलं, "तुमच्या लोकांना काय, वर माळालाबी चालंल की."

"काल भाषणात आमाला आपली मानसं म्हनत हुता," मी म्हटलं.

शेठ मागून आला आणि हसला. "भाऊ, लईच शिकीवलंस हिला."

खाली आले. माझ्या तेवढ्या चपला पायात घातल्या. बाकीच्या होत्या तशाच दारात. एसटी पकडून घरी आले.

वस्तीत सांगितलं. म्हातारी माणसं खाली बघत बसली. आई म्हणाली, "त्येंनी आपल्यात भाकर खाल्लीया. असं कसं करतील?" त्या एका भाकरीवर त्यानं अख्खी वस्ती बांधून घेतली. मीही बांधली गेले होते, नुसती आई नाही. आमच्या हातचं खाल्लं म्हणजे आमचा झाला, एवढ्यावर आम्ही माणूस ओळखतो. खाणं सोपं असतं. वाट सोडणं अवघड असतं.

हे पत्रक मी लिहिलंय. याच्या खाली कुठल्या पुढाऱ्याचं नाव नाही आणि कोणी मला सांगितलेलं नाही. फाटक अजून उभं आहे. माळावरची जागा भाऊनं दाखवली, मुरूम आणि खडक, दोन हात खोलसुद्धा खणता येत नाही. तिथं आम्ही कोणाला नेणार नाही.

वस्तीतला यापुढं जो कोणी मरेल, तो ओढ्याकाठीच जाईल. त्याच वाटेनं, दिवसाढवळ्या, भाऊच्या रानातून. कुलूप असेल तर तोडू. आमच्यात बाया खांदा देत नाहीत. पुढचा खांदा मी देणार आहे.