चाचींच्या कालवणातलं आगळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? असेल तसंही.

मी रियाधमध्ये वाढले, आता तिथल्याच ओलाया भागातल्या एका ऑफिसात काम करते. कमी बोलते, म्हणून लोक मला सरळ समजतात.

शेजारच्या हसीनाचाची रत्नागिरीच्या. शाळा सुटली की मी त्यांच्याकडेच जेवायचे. त्यांना इंग्रजी येत नसे. खोकल्याचं औषध आणलं, की बाटली माझ्यापुढे धरायच्या – “वाच गो बाय, यात दारूबिरू नाय ना?” मी वाचून सांगितल्यावरच घ्यायच्या.

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मी इटलीला गेले होते. सुट्टीच्या दिवशी आम्हाला एका कुटुंबाच्या द्राक्षमळ्यात नेलं. तीन जातींच्या काळ्या द्राक्षांची मिळून एक लाल वाइन – कुठली किती घालायची, हे पणजोबांनी ठरवलेलं, अजून तेच चालू. घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला एक बाटली दिली. सौदीत ती नेता येत नाही, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? परतताना पुण्याला मावशीकडे थांबले, तेव्हा मी ती वाइन कोकमाच्या आगळाच्या रिकाम्या बाटलीत ओतली. रंग जवळपास तोच. कस्टममध्ये कुणी विचारलंसुद्धा नाही. घरी स्वयंपाकघरातल्या कपाटात मागे लपवली. आयुष्यातलं पहिलं धाडस – असं वाटलं होतं मला.

मग रमजान आला. चाचींचं आगळ संपलं, त्यांनी आईकडे मागितलं आणि आईनं – तिला काय माहीत? – ती बाटली दिली.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे इफ्तारला गेले. ओट्यावर ती बाटली, अर्धी रिकामी. शेगडीवर सुरमईचं कालवण. रोज्यात चाची रांधताना चव घेत नाहीत, आणि सर्दीनं त्यांचं नाक बंद होतं.

खजूर-पाण्यानं रोजा सोडून चाचा-चाची नमाजाला आतल्या खोलीत गेले. आईही इफ्तारला आलेली, ती हॉलमध्ये. स्वयंपाकघरात मी एकटी, समोर पातेलं. कालवणाचा अजून कुणी घासही घेतला नव्हता. नुसता धक्का लागून सांडलं असतं, तरी पुरे होतं.

मी काय केलं? बाटली उचलली, उरलेली वाइन सिंकमध्ये ओतली, बाटली साबणानं धुतली. पातेल्याला हात लावला नाही.

इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, पप्पांची नोकरी – यांची भीती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण पातेलं सांडल्यानं कुणाचा इकामा जातो? सगळे धावत आले असते, माझ्याकडे बघत राहिले असते. मला ते नको होतं. एवढंच – खरंच एवढंच.

“आज आंबट कमी पडलंय,” चाचा म्हणाले. “हाताची चव गावाला पाठवलीस काय गो?”

“दिवसभर रोजा धरून रांधायचं, वर ह्यांचे नखरे ऐकायचे!”

सगळे हसले. मीही हसले. चाचींनी दोनदा कालवण घेतलं.

आता त्या रत्नागिरीलाच असतात. दर रमजानात त्यांचा व्हॉइस मेसेज येतो – “आमचे रोजे कबूल होवोत, दुवा कर हां पोरी.”

मी ‘आमीन’ टाइप करते.