शनीची पंच्याण्णव पावलं

दामिनी मॅडम आमच्या शाळेत सहावीला विज्ञान शिकवतात. शाळा दिघोरीच्या पलीकडच्या एका लहान गावात आहे, आणि मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर असते. मागच्या दिवाळीच्या आधी त्यांचे यजमान गेले. नागपूरला नेता नेताच गेले. तेराव्यानंतर चार दिवसांनी मॅडम शाळेत आल्या, हजेरी घेतली आणि शिकवायला लागल्या. तेव्हापासून विचारलं तर उत्तर देतात, नाही विचारलं तर देत नाहीत. जेवायला बसलो की मी माझी भाजी त्यांच्या डब्यात घालते. त्या खातात, पण काय खाल्लं ते त्यांना सांगता येणार नाही.

फेब्रुवारीत विज्ञान दिनासाठी टिकाराम सरांनी सहावीकडून ग्रहांचा प्रकल्प मागितला. टिकाराम सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. झेपत नसेल तर मी करतो, असंही त्यांनी मॅडमना हळूच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, करते. त्यात उत्साह नव्हता आणि नाराजीही नव्हती.

त्यांनी मोठा कागद घेऊन आखणी केली. आठ ग्रह, आठ गट. प्रत्येक गटानं आपल्या ग्रहाचं अंतर, आकार आणि चंद्र शोधून काढायचे, पुस्तकातून किंवा घरच्या मोबाइलवरून. मग ग्रहाचं चित्र काढून त्याची पाटी बांबूला बांधायची. सूर्य आमच्या झेंड्याच्या खांबाशी. तिथून दहा पावलांवर पृथ्वी, आणि त्याच मापानं बाकीचे ग्रह गावच्या सिमेंट रस्त्याच्या कडेनं गाडत जायचे. तीनशे पावलांवर नेपच्यून, म्हणजे तलावाच्या पाळीजवळ. पाहणाऱ्यानं सूर्यापासून चालत निघायचं. चिठ्ठ्या टाकल्या आणि शनी गुड्डीच्या गटाला आला. गुड्डी हरखली. तिनं घरच्या जुन्या टोपलीची कड सोडवून शनीचं कडं केलं, चुन्यात बुडवून पांढरं केलं आणि दिवसभर कुणाला हात लावू दिला नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन आम्ही पावलं मोजायला निघालो. मंगळ शाळेच्या फाटकाशी आला, गुरू पिठाच्या चक्कीशी. आणि शनीची पंच्याण्णव पावलं बरोबर गुड्डीच्याच दारासमोर संपली. पोरं हसली. गुड्डीची आजी, रुखमाआजी, ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि उठून आली.

"मॅडम, माह्या दारात शनी नोका गाडू. सून सातव्या महिन्यात हाये."

गुड्डीनं समजावलं, "आजी, हा तो नोहे. हा आभाळातला गोळा हाये."

"मग तो काय खालचा असते का? आभाळातलाच तर हाये तो. गाडलं म्हणजे बसलं."

पुढं तिनं स्पष्टच सांगितलं, पाटी इथं लागली तर उद्यापासून गुड्डी त्या गटात राहणार नाही. गुड्डीनं ते कडं पाठीमागं लपवलं.

मी स्वतः शनिवारी मारुतीला तेल वाहते. मला आजीचं म्हणणं खोटं वाटलं नाही, पोटुशी बाई घरात असली म्हणजे माणूस जपतंच. मी मॅडमना बाजूला घेऊन म्हटलं, शनी गाळा, सातच करा, नाहीतर पाटी दहा पावलं पुढं सरकवा, कोण मोजायला येणार आहे. त्या म्हणाल्या, सरकवली तर पोरं चुकीचं शिकतील. बस, एवढंच. त्या परत आजीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

आजीला वाटलं, या वाद घालायला आल्या. ती म्हणाली, "तुमच्या घरी बसला तवा काय झालं, साऱ्या गावानं पाह्यलं ना, बाई."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"पाह्यलं," मॅडम म्हणाल्या. "मी गाडत नाही, आजी. मी हातात धरून उभी राहीन. पोरं पाहून गेली का संगं घेऊन जाईन."

"तुमाले भेव नाही लागत?"

"आता त्यानं माह्या घरचं काय न्यायचं राह्यलं?"

घड्याळात किती वाजले ते सांगावं, तसं त्या बोलल्या. माझे डोळे भरून आले, त्यांचे कोरडे होते. रुखमाआजीनं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं अटी सांगितल्या. पाटीचं तोंड रस्त्याकडं ठेवायचं, दाराकडं नाही. दिवस बुडायच्या आत न्यायचं. आणि पोरीनं बांबूला हात लावायचा नाही, नुसती माहिती सांगायची.

मॅडमनी प्रत्येक अटीला मान हलवली आणि कागदावर लिहून घेतलं. आम्ही निघताना आजीनं त्यांच्या हातात लाखोळीच्या डाळीच्या मूठभर ओल्या शेंगा घातल्या. मॅडम त्या शेंगा तशाच धरून शाळेपर्यंत आल्या, कुठं ठेवाव्या हे सुचलं नसावं. मी घेतल्या तेव्हा मूठ सुटली.

वर्गात बसून त्यांनी आखणी पक्की केली. ‘पाटी कोण लावणार’ या रकान्यात सात ठिकाणी पोरांची नावं होती. शनीपुढं त्यांनी स्वतःचं नाव घातलं, आणि ‘माहिती सांगणार’ म्हणून खाली गुड्डीचं. गुड्डी बाकाशी उभी राहून वाचत होती.

"मॅडम, किती वेळ उभं राहा लागन?"

"सगळे तलावापर्यंत जाऊन येतील तोवर. दोन तास धर."

"तिथं सावली नाही."

मॅडमनी पेन थांबवलं. साहित्याच्या यादीत दोरी, बांबू, खिळे, चुना लिहिलेलं होतं. त्याखाली त्यांनी ‘छत्री’ असं लिहिलं आणि कागद सहीसाठी टिकाराम सरांकडं नेऊन दिला.