तापीबाईंच्या सुरकुत्या

म्हसावदच्या बाजारपेठेत चुनीलालचा फोटो स्टुडिओ आहे. गावातल्या निम्म्या भिंतींवर त्याच्या हातचे चेहरे आहेत आणि त्यातला एकही मूळ माणसासारखा दिसत नाही. चाळीस वर्षं त्यानं चेहरे साफ करण्याचा धंदा इमानानं केला. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर. देवीचे व्रण, उन्हाचे डाग, केळीच्या बागेत राबून पडलेल्या सुरकुत्या, सगळं जायचं. सत्तरीची म्हातारी त्याच्याकडून चाळिशीची होऊन घरी जाई. सुना फोटो बघून हळूच विचारत, हे कोण. पण म्हातारीनं कधी तक्रार केली नाही.

मग यंदा केळीचा व्यापारी करणसिंग आला. त्याला वाढदिवसाच्या बॅनरसाठी खतरनाक फोटो हवा होता. गाल लोण्यासारखे आणि मागणी डाकूच्या चेहऱ्याची. चुनीलाल मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघत चार दिवस उलटं शिकला. रंग निम्मे उतरवायचे, सावल्या गडद करायच्या, मग बारीक ब्रशनं एकेक सुरकुती खोल करायची. नुसती काळी रेघ ओढली तर तो पेनाचा फराटा दिसतो. तिला खेटून एक उजळ रेघ लागते, तेव्हा कुठे कातडीला घडी पडते. बॅनर चौकात लागला. करणसिंग बेहद्द खूश झाला. त्याच्या आईनं मात्र खालून बराच वेळ बघून विचारलं, "पोऱ्या बीमार शे का?"

चुनीलाल त्या दुपारी हसतच घरी जेवायला आला. ताट घेऊन भिंतीसमोर बसला आणि घास हातातच राहिला.

भिंतीवर त्याची बायको तापीबाई होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मुलीच्या, कामिनीच्या लग्नात काढलेला तो फोटो चुनीलालनं ती गेल्यावर स्वतः साफ केला होता, गिऱ्हाइकांपेक्षा दुप्पट मन लावून. आणि साफ केलेली फाइल मूळ फाइलवरच सेव्ह केली होती. कॅमेऱ्यातल्या कार्डावर तोवर दुसऱ्यांची लग्नं चढली होती. उरली ती भिंतीवरची गोरी, गुळगुळीत, पस्तिशीची बाई. दिसायला चांगली, पण तिच्याशी बोलायला चुनीलालला संकोच वाटे. तीन वर्षं तो रोज एका परक्या बाईसमोर बसून खिचडी खात होता.

दुसरे फोटो म्हणावेत, तर फोटोग्राफरच्या बायकोचे फोटो कोण काढतो? गावातल्या प्रत्येक लग्नात ती याच्यामागे लाइट धरून उभी. डोळे मिटले तरी चुनीलालला भिंतीवरचाच चेहरा दिसे. मग त्यानं ठरवलं, सुरकुत्या पुसता येतात तशा घालताही येतात. तापीबाई जशी होती तशी परत आणायची.

पहिल्या आठवड्यात तिला त्यानं तीनदा म्हातारी केली. एकदा ती करणसिंगची मावशी वाटली, एकदा खुद्द करणसिंग. रेघा बरोबर पडत होत्या, पण त्या कुणाच्याही होत्या. दुपारी स्टुडिओत कुणी नसे. चुनीलाल एकटाच स्क्रीनवरच्या बाईला विचारी, कपाळावर तीन होत्या की चार? ती आपली गोड हसत राही. खरी तापीबाई असती तर एव्हाना शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असतं.

शेवटी त्याला चेहरा नाही, काम आठवलं. साफ करताना कपाळ पटकन उरकलं होतं. उजव्या डोळ्याखाली मात्र दोनदा हात फिरवावा लागला होता, कारण तिथलं काळं निघता निघेना. हनुवटीवर तेल उडून पडलेला डाग होता. तो मिटवताना चहा गार झाला होता. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातली घडी तर मुळापासून काढावी लागली होती. हात जिथे जिथे थांबला होता, तिथे तिथे तो मागे गेला. जे जितक्या मेहनतीनं पुसलं, ते तितक्याच मेहनतीनं परत घातलं. पंधरा दिवस गेले. एका दुपारी ओठाच्या कोपऱ्यातली उजळ रेघ पडली आणि तापीबाई त्याच्याकडे बघू लागली, मीठ कमी आहे का, असं विचारताना बघायची तशी.

त्यानं फोटो सुरतेला कामिनीला पाठवला आणि फोनची वाट बघत बसला. कामिनी एरवी रविवारी फोन करते. त्या दिवशी बुधवारीच केला. भिंतीवरचाच फोटो छान आहे, असं तिचं म्हणणं. श्राद्धाला सासरची माणसं येणार, त्यांनी काय बघायचं? निदान डोळ्याखालचं काळं तरी काढा. "मम्मी थकेल दिसी ऱ्हायनी, पप्पा."

"थकेलच व्हती ती," चुनीलाल म्हणाला. "मीच तवय देखं नही."

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. कामिनी म्हणाली, नंतर करते.

चुनीलालनं काळं काढलं नाही. फोटो मोठा छापून घेतला, आधीचा उतरवून तिथे लावला आणि ताट वाढून समोर बसला. आज त्याला संकोच वाटला नाही. फक्त एवढंच झालं, की घरात तापीबाई नाही हे त्याला तीन वर्षांनी नीट कळलं.