सोडलेला इंच

कटिंगवालीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू झाला, तोही दचकून. काल लोखंडाचा शेवटचा तुकडा कापताना तिने इंच सोडला होता. पण पुढे धरला होता का?

कारखान्यातल्या टेपचं टोक तुटलेलं. सगळे एकच्या खुणेपासून मोजायचे आणि शेवटी एक इंच जास्त धरायचे. बावीस वर्षांत ती चुकली नव्हती. काल मुकादम डोक्यावर बसला होता.

काम होतं गोदामाच्या छताच्या कैचीचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचं. मधली उंची पाच फूट, अर्धी रुंदी बारा. तिरकी बाजू तिनेच काढली होती. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, पाचाचा पंचवीस, मिळून एकशे एकोणसत्तर. तेरा फूट. हिशेब पक्का होता. टेपवर तेरा फूट एक इंच वाचायला हवं होतं. काय वाचलं, ते काही केल्या आठवेना. आणि ती कैची आज तिचा धाकटा भाऊ बसवणार होता.

सकाळी फोन केला तर तो उचलेना. तो उन्हाआधीच कामाला लागायचा आणि चढताना फोन खाली पिशवीत ठेवायचा.

कारखाना उघडताच तिने शेजारच्या सुताराचा धड टेप मागून आणला. वीस फुटी बारमधून सात फूट उरायला हवे होते. सात फूट एक इंच भरले. गोदाम समोरच होतं, ती धावली.

भाऊ वर कैचीवर बसलेला, हातात पाना.

"खाली ये."

"ताई, तुझं माप आज रुसलंय. भोकं जुळत नाहीत. ओढून एक बोल्ट घातलाय, दुसराही घालतो."

"घालू नकोस. तुकडा इंचाने आखूड आहे, ताणलेला बोल्ट तुटेल. माझी चूक."

त्याने बोल्टकडे पाहिलं. हसू मावळलं. "मग हलू का नको?"

"आधी कमरेची दोरी खांबाला अडकव. मग पाय शिडीवर. सावकाश."

तिने शिडी दोन्ही हातांनी धरली आणि त्याच्या पायऱ्या मोजल्या. एकोणीस.

"इंचासाठी एवढा आरडाओरडा?" जमिनीवर टेकताच तो म्हणाला.

"आवाज तरी चढवला का मी?"

"नाही चढवलास. म्हणून तर घाबरलो."

दुपारच्या आत तिने नवा तुकडा कापला, दोनदा मोजून. वाया गेलेल्या बारचे पैसे मुकादमाने पगारातून कापले. उरलेल्या पगारातून पहिली खरेदी केली ती टेपची. शून्यापासून सुरू होणाऱ्या.