मोठ्या सुट्टीच्या अंतरावर

चौसाळ्याचं आमचं घर शाळेला इतकं लागून होतं, की मोठ्या सुट्टीची घंटा ऐकून आई तव्यावर भाकरी टाकायची आणि मी दारात पोचेपर्यंत ती फुगलेली असायची. यात काही विशेष आहे हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. बायको धारूरकडच्या वाडीतली. ती घाटातून पायी शाळेत जायची आणि दुपारी कडक झालेली भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. म्हणून बीडला घर घ्यायचं ठरलं तेव्हा तिची अट एकच होती.

"पोरगी दुपारी घरी येऊन गरम खाऊन गेली पाहिजे. बाकी घर कसंबी असू द्या."

घरं दाखवणारा माणूस एरवी मोसंबीचा गाडा लावायचा. सगळी पेठ त्याला मामू म्हणायची. मामू गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी गच्चीवर न्यायचा आणि आसपासच्या शाळा दाखवायचा. त्याचा धंदा त्याला कळत होता.

"ते बगा सर, विंग्रजी शाळा. रस्ता वलांडला की वर्ग."

शाळेला कमान होती. कमानीवर दोन सिंह, आणि सिंहांच्या मधोमध संस्थाचालकांचा हात जोडलेला फोटो. सिंह जरा लहान वाटत होते.

"आन् ती मागची?" बायकोनं विचारलं. मागच्या बोळाच्या टोकाला लिंबाखाली पत्र्याच्या चार खोल्या दिसत होत्या.

"ती नगरपरिषदेची हाय. तिचा काई तरास न्हाई भाभी. आवाज बी येत न्हाई," मामूनं धीर दिला.

आम्ही कमानीतून आत गेलो. मुख्याध्यापिकांचं ऑफिस एका उंच स्टेजवर होतं. त्या लाल मखमलीच्या, सोनेरी पायांच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि तशीच दुसरी खुर्ची शेजारी रिकामी होती. छताला झुंबरांचे हूक होते. भपक्याचा वास आपल्याला लांबून येतो असा माझा समज होता. त्या दिवशी नाक चोंदलं असावं. बाई म्हणाल्या, "समोरच राहणार असाल तर मोठ्या सुट्टीत सोडू की घरी." बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि घर ठरलं.

मग दादा, म्हणजे माझे वडील, चौसाळ्याहून चौकशीला आले. त्यांनी जागेचा मूळ मालक शोधला, त्याचे भाऊ शोधले, सासरी गेलेल्या बहिणींनी हक्क सोडल्याचे कागद वाचून घेतले. बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. शेजाऱ्याला विचारलं, "बांधावरनं भांडण न्हाई ना?" शहरात बांध नसतो, असं तो म्हणाला. तरी दादा मधल्या भिंतीकडे बराच वेळ संशयानं बघत राहिले. जमीन घेताना काय विचारायचं हे आमच्या घराण्यात पोरासोरांना ठाऊक असतं. पण ज्या शाळेपायी हा खटाटोप चालला होता, ती कुणाच्या जागेत उभी आहे, हे विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

पहिलीचं वर्षभर पोरगी रस्ता ओलांडून आली, गरम खाऊन गेली. बायको त्या वर्षी दुपारी कुठं पाहुण्याकडेही गेली नाही.

उन्हाळ्यात समोर ट्रक लागला आणि त्यात बाकं भरली जाऊ लागली. शाळा भाड्यानं होती. गावाबाहेर हायवेला तिचं नवं संकुल उभं राहिलं होतं. समोरची इमारत मुळात मंगल कार्यालय, ती पुन्हा मंगल कार्यालय झाली. सिंह तेच राहिले, लाल खुर्च्याही तिथंच राहिल्या.

मामू भेटला तर म्हणाला, "सर, पोरीचं लगीन बी आता समोरच. कितली सोय झाली!"

दादा म्हणाले, "पर जागा निर्मळ हाय का न्हाई?"

नव्या संकुलाला पिवळी बस जाणार होती, म्हणजे जेवण डब्यातलं. तिसऱ्या दिवशी बायको पोरीचा हात धरून मागच्या बोळात गेली आणि नगरपरिषदेच्या शाळेत नाव घालून आली. चुलतभावाचा लगेच फोन. "कावून बे, नोकरी गेली का तुझी?"

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबलो होतो. मोठ्या सुट्टीची घंटा झाली. बायकोनं तव्यावर भाकरी टाकली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. पोरगी आली, पण सावकाश, दोन्ही हातांत छोट्या सुट्टीचा डबा सांभाळत.

"मी जेवले. तिथं खिचडी असते. सगळ्या ओळीनं बसतात."

बायकोचा चेहरा मला बघवला नाही.

"ही तुला आणली. बाई म्हणल्या, ने. हात लावून बग, गरम हाय."

बायको तिथंच पायरीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा शाळेतलं गरम जेवण जेवली. "मीठ कमी हाय," एवढंच म्हणाली आणि डबा बोटानं निपटून घेतला. तव्यावरची भाकरी करपली होती. ती मी खाल्ली.

पोरगी आता पुण्याला वसतिगृहात असते. जेवणाला नावं ठेवायला फोन करते. आम्ही दोघं मात्र अजून मागच्या बोळातली घंटा झाली की पाटावर बसतो. ती घरात अगदी स्पष्ट ऐकू येते. मामूनं त्या बाबतीत फसवलं.