ऑर्किडच्या घरातला गॅस

सकाळी सहा चाळीसला गॅसमास्तर ऑर्किडच्या काचघरात हातातल्या मीटरला टिचक्या मारत उभा होता. काचघरांची हवा सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि एवढ्या काळात त्याच्या पसंतीला उतरलेला माणूस एकच: तो स्वतः.

झाडांबद्दलही त्याचं मत बरं नव्हतं. टोमॅटो उधळा, कार्बन डायऑक्साइड पकडायला जातो आणि चुकून ऑक्सिजनच कवटाळतो, म्हणून त्याला दिवसा वरून तोच गॅस पाजायचा. मका शिष्ट; बाहेरच्या पेशींत गॅस धरून आतल्या पेशींत कोंबतो, वरच्या खुराकाला विचारत नाही. आणि ऑर्किड निव्वळ ऐतखाऊ. दोन हंगाम भरदुपारी गॅस दिला, तरी फुलांच्या दांड्या जेमतेम.

आज मालक ऑर्किड उपटून टोमॅटो लावायचे का ते ठरवणार होता. ऑर्किड गेली की ती सांभाळणाऱ्या मास्तरच्या वहिनीचं कामही जाणार होतं.

मीटरवर बंद घरातला गॅस रात्रीतून बाहेरच्या हवेपेक्षाही खाली गेलेला दिसत होता.

"बिघडलाय हा," मास्तर म्हणाला. "रात्री झाडं गॅस सोडतात. शाळेतलं पोरही सांगेल."

"मग त्यालाच नेमायला हवं होतं, भावजी," वहिनी म्हणाली. "मघाशी टोमॅटोच्या घरात हाच मीटर चढलेला होता. तिथे बरा शहाणा होता तो?"

तिने एक पान तोडून पुढे केलं. "चावा."

"मी काय शेळी आहे?"

"शेळीनं इतके आढेवेढे घेतले नसते."

त्याने चावलं. दात आंबले.

"काल संध्याकाळी मी चावलं तेव्हा पाणचट होतं. रोपं देणाऱ्या बाईंना फोन करून विचारलं. ही झाडं रात्री पानांची छिद्रं उघडतात, गॅस घेतात, त्याचं आम्ल करून साठवतात. दिवसा छिद्रं बंद ठेवून त्यावरच भागवतात. आणि तुम्ही दुपारी बंद दारावर गॅस ओतताय."

मास्तर थुंकला. चूक कबूल करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मालक आल्यावर तो ऐटीत म्हणाला, "दुपारी पाइपात दाब नसतो. मी ऑर्किडची वेळ बदलतोय. एक हंगाम द्या."

मालकाने हंगाम दिला, वर मास्तरच्या दूरदृष्टीचं कौतुकही केलं. झाडं राहिली होती, वहिनीला तेवढंच हवं होतं.

उद्या दुपारी गॅस फक्त टोमॅटोला मिळेल. ऑर्किडच्या घराची तोटी संध्याकाळी सातला उघडेल.